हातातल्या लेझरसाठी रिचार्जेबल लिथियम बॅटरी कोणती घ्यावी आणि चार्ज कशी करावी?

आधी लेझरच्या नळीत कोणता सेल बसतो ते पाहा. १८६५० म्हणजे १८ मिमी व्यास, ६५ मिमी लांबी. १६३४० सेल सीआर१२३ए च्याच मापाचा असतो, पण घोळ इथेच होतो: सीआर१२३ए हा ३ व्होल्टचा आणि चार्ज न होणारा, तर १६३४० पूर्ण भरल्यावर ४.२ व्होल्ट देतो. लेझर तेवढं व्होल्टेज सोसणारा नसेल तर डायोड (प्रकाश देणारा भाग) गेलाच म्हणून समजा. सीआर१२३ए चार्जरला तर कधीच लावू नका.

प्रोटेक्शन सर्किट (जास्त चार्ज किंवा शॉर्ट झाल्यास वीज तोडणारा छोटा भाग) असलेला सेल घ्या. तो साध्या सेलपेक्षा २-४ मिमी जास्त लांब असतो, तेवढी जागा आहे ना ते बघा. १८६५० वर ‘९९०० एमएएच’ (एमएएच म्हणजे सेलची क्षमता मोजायचं एकक) छापलेलं दिसलं तर सरळ परत ठेवा, त्या मापात तेवढी क्षमता मावतच नाही.

चार्जर लिथियम-आयनचाच हवा, ४.२ व्होल्टला थांबणारा. करंट क्षमतेच्या निम्मा पुरे: २६०० एमएएचला साधारण १.३ अँपिअर. १६३४० ला बराच कमी लागतो. फुगलेला किंवा आवरण फाटलेला सेल वापरू नका. महिनोन्‌महिने ठेवायचा असेल तर अर्धाच भरून, लेझरमधून काढून ठेवा.