पत्र्यांच्या कुंपणामागे काय चाललंय?

सदर : बांधकामाचं बोला
(उत्तरं देतात सार्वजनिक बांधकाम विभागातून निवृत्त झालेले एक कार्यकारी अभियंता)

प्रश्न : मी मुंबईतल्या एका विद्यापीठात शिकवते. आमच्या आवारातलं मुलींचं जुनं वसतिगृह आणि त्याला लागून असलेली कर्मचारी निवासस्थानं धोकादायक ठरवून महिन्याभरात रिकामी करून घेतली. मुली भाड्याच्या इमारतीत, कर्मचारी जिथे जागा मिळेल तिथे. इमारती पाडल्या, निळे पत्रे लागले, फलकही लागला : 'कामाची मुदत १८ महिने (पावसाळ्यासह)'. त्या फलकाचा रंग उडाला तरी आत गवत, कुत्री आणि एक रखवालदार याखेरीज काही नाही. कुलसचिवांच्या कार्यालयात विचारलं की 'प्रोसेसमध्ये आहे' एवढंच ऐकायला मिळतं. रिकामं करताना एवढी घाई आणि बांधताना एवढी ढिलाई, हे कसं? आमचे एक ज्येष्ठ सहकारी म्हणतात, इंग्रजांच्या काळात असं होत नव्हतं.

उत्तर : मॅडम, आधी सहकाऱ्यांचा मुद्दा निकालात काढतो. फोर्टमधल्या राजाबाई टॉवरचा पाया १८६९ साली घातला आणि काम संपलं १८७८ साली. प्रेमचंद रायचंदांसारखा दाता पाठीशी होता, आणि नकाशा काढणारे गिल्बर्ट स्कॉट मुंबईला एकदाही आले नाहीत म्हणजे त्यांचा साइटवर त्रासही नव्हता. तरी नऊ वर्षं लागली. त्यामुळे इंग्रजांना राहू द्या.

आता तुमचा मूळ प्रश्न. घाई आणि ढिलाई एकाच कामात दिसते, कारण ते एक काम नाहीच. इमारत रिकामी करण्याची फाइल वेगळी आणि बांधण्याची फाइल वेगळी. दोन्ही वेगवेगळ्या टेबलांवरून जातात.

पहिली फाइल सुरू होते संरचनात्मक तपासणीपासून, म्हणजे स्ट्रक्चरल ऑडिटपासून. मुंबईत तीस वर्षांपुढच्या इमारतीला ते बंधनकारक आहे. अहवालात 'सी-१' शेरा आला की इमारत पाडण्याच्या वर्गात गेली. मुंबई महापालिका कायद्याच्या ३५४ कलमाखाली पालिकेची नोटीस येते, आणि त्यानंतर छताचा तुकडा कोणाच्या डोक्यात पडला तर नाव कोणाचं येणार हे सगळ्यांना ठाऊक असतं. म्हणून ही फाइल पळते. पळायलाच हवी, यात विद्यापीठाचं काही चुकलं असं मी म्हणणार नाही.

दुसऱ्या फाइलला मात्र कोणी मागे लागत नाही. ती न हलल्याने कोणाच्या डोक्यात काही पडत नाही. तिचा प्रवास सांगतो, म्हणजे 'प्रोसेसमध्ये' म्हणजे नेमकं कुठे हे तुम्हाला विचारता येईल. आधी वास्तुविशारद नेमायचा, नकाशे आणि अंदाजपत्रक करून घ्यायचं. ते बांधकाम समिती आणि व्यवस्थापन परिषदेपुढे जाऊन प्रशासकीय मान्यता मिळते. मग तांत्रिक मंजुरी. मग निविदा, आणि ती उघडून दर मान्य झाले की ठेकेदाराला कार्यारंभ आदेश. शेजारून पालिकेच्या परवानग्या चालू असतात : अग्निशमनची एनओसी, झाडांची परवानगी, विमानतळाजवळ असाल तर उंचीची एनओसी. झाडांचं प्रकरण हल्ली अधिक नाजूक झालंय, कारण २०२१ पासून पन्नास वर्षांवरचं झाड कायद्याने 'वारसा वृक्ष' ठरतं, आणि जुन्या आवारात अशी झाडं असतातच. असूही द्यावीत. पण ज्याने नकाशा काढला त्याने आधी झाडं मोजायला हवी होती. ते होत नाही, आणि मग पाया एका पिंपळाशी येऊन थांबतो.

सगळ्यात जास्त वेळ मात्र पैसा खातो, आणि तोही 'पैसा नाही' अशा सरळ कारणाने क्वचितच. पैसा कुठल्यातरी योजनेतून येणार असतो. पूर्वी यूजीसीच्या पंचवार्षिक योजनेतलं अनुदान असायचं. बारावी योजना २०१७ साली संपली आणि तो झराच बंद झाला. २०१३ पासून रूसा ही उच्च शिक्षणासाठीची केंद्राची योजना आली. मग २०२३ साली तिचीच पुढची आवृत्ती पीएम-उषा : २०२३-२४ ते २०२५-२६ या तीन वर्षांसाठी देशभराकरता १२,९२६ कोटी, आणि आपल्यासारख्या राज्यात केंद्राचा वाटा ६०, राज्याचा ४०. म्हणजे केंद्राचा हप्ता आला तरी राज्याचा यायचा असतो, आणि दोन्ही आले तरी खर्च मुदतीत दाखवायचा असतो. ज्या संस्थेची निविदा तयार आहे ती पैसे उचलते, जिचे नकाशेच व्हायचेत ती बघत बसते. मधे निवडणुकीची आचारसंहिता लागली की नवी निविदा काढता येत नाही, आणि आपल्याकडे लोकसभा, विधानसभा, पालिका असं काही ना काही चालूच असतं. तेवढ्यात नवी दरसूची येते. सिमेंट-सळईचे दर वाढलेले, जुनं अंदाजपत्रक मोडीत. मग सुधारित प्रशासकीय मान्यता, जिला आम्ही खात्यात 'सुप्रमा' म्हणायचो. सुप्रमा म्हणजे फाइल पुन्हा पहिल्या टेबलावर.

आणि कुलगुरू पाच वर्षांसाठी असतात, फेरनियुक्ती नाही. एकाने ठरवलेलं सात मजली वसतिगृह पुढच्याला कन्व्हेन्शन सेंटरइतकं रुचत नाही. हे कुठे लिहिलेलं सापडणार नाही, पण मी विद्यापीठांची कामं केली आहेत.

तुमच्या फलकाकडे पुन्हा बघू. अठरा महिने मोजायचे ते कार्यारंभ आदेशाच्या तारखेपासून, तुम्ही घरं सोडलीत त्या दिवसापासून नाही. त्या फलकावर ठेकेदाराचं नाव, कामाची रक्कम आणि आदेशाची तारीख आहे का? तुमच्या पत्रात फक्त मुदत आहे, म्हणून विचारतो. तारखेची जागा कोरी असेल तर अठरा महिने अजून सुरूच झालेले नाहीत. तारीख असेल आणि आत गवत असेल, तर ठेकेदार आणि विद्यापीठ यांच्यात काहीतरी बिनसलंय. दोन्ही गोष्टींचे उपाय अगदी वेगळे आहेत.

विचारायचं कसं? माहिती अधिकाराचा अर्ज करा. दहा रुपये शुल्क, आणि आपल्या राज्याच्या नियमाप्रमाणे एका अर्जात एकच विषय, दीडशे शब्दांच्या आत. 'काम का रखडलं' असं लिहू नका. 'का'चं उत्तर माहिती अधिकारी देत नाही, आणि तो चुकतही नाही. कागद मागा : 'अमुक कामाच्या प्रशासकीय मान्यतेची, तांत्रिक मंजुरीची, कार्यारंभ आदेशाची आणि आजपर्यंत दिलेल्या मुदतवाढीच्या पत्रांची प्रत जावक क्रमांकासह द्यावी. यापैकी जो कागद अभिलेखात नाही, तो नाही असे लेखी कळवावे.' शेवटचं वाक्य विसरू नका. चारांपैकी कितवा कागद नाही ते कळलं की फाइल कुठे बसलीय ते कळलं. तीस दिवसांत उत्तर आलं नाही तर प्रथम अपील. नोकरीत असल्याने स्वतःच्या नावाने अर्ज करायला संकोच वाटत असेल तर दुसरी वाट आहे : अधिसभेत, म्हणजे सिनेटमध्ये, पदवीधरांनी निवडून दिलेले सदस्य असतात, त्यांना हाच मजकूर प्रश्न म्हणून द्या. त्यांना असे प्रश्न हवेच असतात.

मुंबईतल्या वाचकांसाठी आणखी एक. इमारत उभी राहिली की काम झालं असं समजू नका. मुंबई विद्यापीठाच्या कलिन्यातल्या आवारात कित्येक इमारती वर्षानुवर्षं भोगवटा प्रमाणपत्राशिवाय, म्हणजे इमारत वापरायला हरकत नसल्याच्या दाखल्याशिवाय, वापरात होत्या, हे माहिती अधिकारातूनच बाहेर आलं. एवढं मोठं आवार, शेवटी त्याच्या नियोजनाला एमएमआरडीएला, म्हणजे मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाला, आणावं लागलं. तेव्हा वसतिगृह बांधून झालं की उद्घाटनाची पत्रिका बाजूला ठेवून भोगवटा प्रमाणपत्र विचारा.

प्रश्न : आम्ही कुडाळचे. मुलाची रँक बघता आयआयटी गोवा किंवा आयआयटी धारवाड मिळण्याची शक्यता आहे. गोवा घराजवळ आहे, पण तिथे अजून स्वतःचा कॅम्पस नाही असं कळलं. 'लवकरच होणार' असं सगळे म्हणतात. यावर भरवसा ठेवून गोवा भरावं का? (एक पालक)

उत्तर : दोन्ही संस्था २०१६ सालच्या, म्हणून तुलना सोपी जाते.

धारवाडला सुरुवात वाल्मी या जलसिंचनाच्या संस्थेच्या इमारतींत झाली. पण शहराबाहेर चिक्कमल्लिगवाडला सुमारे ४७० एकर जागा हातात होती. फेब्रुवारी २०१९ मध्ये कोनशिला बसली, मधे कोविड गेला, आणि मार्च २०२३ मध्ये कायमच्या संकुलाचं उद्घाटन झालं. खर्च ८५० कोटींच्या वर.

गोव्याची संस्था फर्मागुडीला गोवा अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या आवारात सुरू झाली आणि तिथेच राहिली. काणकोणात लोलयेचं पठार बघितलं, गावाने नको म्हटलं. मग सत्तरी तालुक्यात शेळ-मेळावली, सुमारे दहा लाख चौरस मीटर. तिथे लोक पिढ्यान्‌पिढ्या काजू करतात, पण जमीन त्यांच्या नावावर नाही. मोजणीला माणसं आली तेव्हा बायका आडव्या झाल्या, जानेवारी २०२१ मध्ये प्रकरण हातघाईवर आलं आणि मुख्यमंत्र्यांना ती जागा सोडत असल्याचं जाहीर करावं लागलं. मग सांगे तालुक्यात कोटार्ली, तर ती जागा अपुरी ठरली. मग फोंड्यातलं कोडार, तिथेही ग्रामस्थ उभे राहिले. मी त्या गावकऱ्यांना दोष देत नाही. ज्याच्या नावावर सातबारा नाही त्याला मोबदला कशाचा देणार, हा प्रश्न आधी सोडवायचा असतो; तो मागे ठेवून मोजणीची साखळी घेऊन गेलं की असंच होतं. आमच्या रस्त्याच्या कामांत हे शंभर वेळा पाहिलंय.

इथेही वरच्या उत्तरातली गोष्टच आहे. संस्थेची फाइल पुढे गेली, जागेची मागे राहिली. नालंदा विद्यापीठाचं बघा : कायदा २०१० सालचा, वर्ग २०१४ मध्ये राजगीरला उसन्या जागेत सुरू, आणि संकुलाचं उद्घाटन जून २०२४ मध्ये. थेट परराष्ट्र मंत्रालयाच्या अखत्यारीतला प्रकल्प होता तो.

हिशेब असा. जागा हातात असूनही धारवाडला कोनशिलेपासून चार वर्षं लागली. बी.टेक.ही चार वर्षांचं. म्हणजे गोव्याच्या जागेचा निकाल उद्या सकाळी लागला तरी तुमचा मुलगा नव्या संकुलात शिकणार नाही; फार तर पदवीदानाला जाईल. तेव्हा नवीन कॅम्पस गणितातून काढूनच टाका. फर्मागुडीला एकदा जाऊन या, कुडाळहून सकाळी निघालात तर संध्याकाळी परत. वसतिगृहात एका खोलीत किती मुलं, प्रयोगशाळा स्वतःच्या की वाटून घेतलेल्या, हे तिथल्या दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाच्या मुलांना कँटीनमध्ये विचारा. पदवी दोन्हीकडची आयआयटीचीच. हवी ती शाखा गोव्यात मिळत असेल आणि वसतिगृह चालण्यासारखं वाटलं, तर मी गोवा भरीन. लहान बॅचमध्ये शिक्षक मुलाला नावाने ओळखतात, याला मी संकुलाच्या एकरांपेक्षा जास्त किंमत देतो. पण शाखा मनासारखी नसेल आणि 'कॅम्पस होईल' एवढ्याच आशेवर असाल, तर धारवाड.

प्रश्न : प्रवेशाच्या माहितीपुस्तिकेत नव्या वसतिगृहाचा फोटो होता. प्रवेश घेतल्यावर कळलं, ते संगणकावर केलेलं चित्र आहे, जागेवर खड्डा. महारेराकडे तक्रार करता येईल का? (एक विद्यार्थिनी, पुणे)

उत्तर : नाही. महारेरा घर-दुकान विकत घेणाऱ्यासाठी आहे, विद्यापीठाने तुला काही विकलेलं नाही. तुझा मार्ग यूजीसीच्या २०२३ च्या विद्यार्थी तक्रार निवारण विनियमांत आहे. माहितीपुस्तिकेतली खोटी किंवा दिशाभूल करणारी माहिती ही त्यात स्पष्टपणे तक्रारीची बाब धरली आहे. संस्थेच्या विद्यार्थी तक्रार निवारण समितीकडे लेखी अर्ज कर, पोच घे; समितीने पंधरा कामकाजाच्या दिवसांत अहवाल द्यायचा असतो. समाधान झालं नाही तर पंधरा दिवसांच्या आत विद्यापीठाच्या लोकपालांकडे (ओम्बड्सपर्सन) अपील. पुस्तिकेचं ते पान, प्रवेशाची पावती आणि खड्ड्याचा तारीख दिसेल असा फोटो अर्जाला जोड. पुस्तिका संकेतस्थळावरून उतरवून घेतली नसशील तर ते काम आजच कर, कारण तक्रार गेली की पीडीएफ बदललेली असते.