बॅटरी नवी, तरी सकाळी सेल्फ लागत नाही

प्रश्न: दिवाळे कोळीवाड्यात आमची फायबरची होडी आहे. तिला 40 हॉर्सपॉवरचं जुनं टू-स्ट्रोक आउटबोर्ड (होडीच्या मागे बाहेरून लावलेलं इंजिन) आहे, सेल्फ स्टार्टचं. जून-जुलैच्या मासेमारी बंदीत होडी वर काढली होती, ऑगस्टात नवी बॅटरी टाकली. चार-पाच फेऱ्या झाल्या की सेल्फ नुसता ‘टक्’ करतो. दोरी ओढली तर मशीन लगेच सुरू होतं. आरपीएमचा काटाही बॅटरी बदलली त्याच आठवड्यापासून मेला आहे. आता आणखी एक बॅटरी घ्यावी का?

उत्तर: बॅटरी घेऊ नका. तुमच्या काट्यानेच निम्मं निदान केलंय. बहुतेक जुन्या आउटबोर्डवर आरपीएम मीटरला सिग्नल मिळतो तो चार्जिंगच्या कॉइलकडून. ठिणगीची कॉइल वेगळी, म्हणून मशीन ठणठणीत चालतं. चार्जिंग आणि काटा एकदमच गेले, तर संशय दोघांवर: फ्लायव्हीलखालची चार्जिंग कॉइल आणि एसीचा डीसी करणारा रेक्टिफायर. त्यातही नवी बॅटरी लावताना वायर क्षणभर उलट्या टेकल्या असतील, तर रेक्टिफायरचे डायोड (करंट एकाच दिशेने जाऊ देणारे भाग) तेवढ्यात उडतात.

आधी बॅटरी बाहेरच्या चार्जरवर पूर्ण भरा. अर्धमेल्या बॅटरीवर घेतलेली मापं फसवतात. रात्रभर ठेवून 12.6 व्होल्ट दिसले तर ती भरलेली, 12.2 म्हणजे निम्मी. मग खाडीत निम्म्या थ्रॉटलवर एकाने होडी चालवावी, दुसऱ्याने बॅटरीवर मल्टिमीटर धरावा. 13.5 ते 14.5 दिसायला हवेत. आयडलला बघून काही कळत नाही, तिथे ही मशीनं जेमतेमच चार्ज करतात. व्होल्टेज जागचं हललंच नाही तर पुढे जा.

मशीन बंद करा, बॅटरीच्या दोन्ही वायर काढा. कॉइलकडून रेक्टिफायरला येणाऱ्या दोन वायर सोडवा. अनेक मशीनवर त्या पिवळ्या असतात, यामाहावर हिरव्या. मीटर ओहमवर ठेवा. त्याची टोकं आधी एकमेकांना टेकवून त्याचा स्वतःचा 0.2-0.3 वजा करा. दोन वायरांमध्ये अगदी कमी, साधारण एका ओहमच्या आसपास रीडिंग यावं (नेमका आकडा तुमच्या मॉडेलच्या मॅन्युअलमध्ये). दोन्हींपैकी कुठलीही वायर आणि इंजिनचा ब्लॉक यांच्यात जोड दिसता कामा नये, मीटरवर ‘ओएल’ (म्हणजे करंट जातच नाही) यावं. आकडा आला, तर कॉइलचं इन्सुलेशन जळालंय.

कॉइल ठीक निघाली की मीटर डायोडच्या खुणेवर घ्या. चार डायोड, दोन्ही दिशांनी, म्हणजे आठ रीडिंग: प्रत्येक पिवळी ते बॅटरीकडे जाणारी लाल, आणि प्रत्येक पिवळी ते रेक्टिफायरची बैठक. एका दिशेने 0.5 च्या आसपास, उलट केल्यावर ‘ओएल’. दोन्हीकडे सारखंच दिसलं तर तो डायोड गेला. रेक्टिफायर बदला, दुरुस्त होत नाही.

दोन्ही चांगले निघाले तर लाल वायरवरचा फ्यूज आणि जोड बघा. खाऱ्या हवेत थिंबलच्या (वायरच्या टोकाला दाबून बसवलेल्या धातूच्या तुकड्याच्या) तोंडाशी तांबं हिरवट दिसतं. आवरण इंचभर सोलून पाहा, आत काळं पडलेलं असलं तर चकचकीत तांबं लागेपर्यंत कापा. मग सगळ्या वायर परत जोडा, मीटर डीसी व्होल्टवर घ्या आणि मशीन चालू असताना त्याचं एक टोक बॅटरीच्या पॉझिटिव्ह (+) शिशाच्या खुंटावर, दुसरं रेक्टिफायरच्या लाल वायरवर लावा. मध्ये अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त फरक असेल तर चोर वायरिंगमध्येच आहे. बॅटरीवरचे हाताने पिळायचे कानवाले नट काढून टाका. लाटांच्या हादऱ्याने ते सुटतात, आणि चालत्या मशीनची बॅटरी सुटली की नवा रेक्टिफायरही जातो. साधा नट आणि स्प्रिंग वॉशर लावा, पान्याने आवळा.

फ्लायव्हील काढावंच लागलं तर पुलरनेच काढा. हातोड्याने आतले चुंबक सुटतात.

प्रश्न: ऐरोलीहून. बॅटरीचं पाणी पंधरा दिवसांत खाली जातं, कुजक्या अंड्यासारखा वास येतो. काय करावं?

उत्तर: हे वरच्या दिवाळ्याच्या होडीच्या उलट, चार्जिंग जास्त होतंय. जुन्या मशीनवर रेग्युलेटर (व्होल्टेज हद्दीत ठेवणारा भाग) नसेल तर मोठ्या थ्रॉटलवर 15-16 व्होल्टही चढतात आणि बॅटरी उकळते. सीलबंद बॅटरी अशा मशीनला लावू नकाच. कॉइलच्या अँपियरला पुरेल असा रेग्युलेटर-रेक्टिफायर बसवा. तोवर पाणी घालायची झाकणं असलेली बॅटरी, दर आठवड्याला डिस्टिल्ड वॉटर, आणि दूरच्या धावेत दिवा चालू. मात्र हिशोब ठेवा: 55 वॉटचा एक हॅलोजन साडेचार अँपियर खातो. 6 अँपियरच्या कॉइलवर असे दोन लावले तर धडधाकट मशीनवरही बॅटरी उतरते.