जमादारांचा ओठ फुटला, भाऊ लपून बसलाय

यवतमाळ जिल्ह्यातल्या एका वाचकाचं पत्र आलंय. पऱ्हाटीत डवरणी करताना वडिलांना साप चावला. ग्रामीण रुग्णालयातून यवतमाळला न्यायचं ठरलं, पण १०८ ची गाडी लवकर येईना. लहान भाऊ आरडाओरड करू लागला, समजवायला आलेल्या पोलीस जमादारांची त्यानं कॉलर धरली आणि ढकलाढकलीत त्यांचा ओठ फुटला. वडील वाचले. भावावर भारतीय न्याय संहितेच्या कलम १३२ आणि १२१(१) खाली गुन्हा दाखल आहे. तो चार दिवसांपासून मावशीकडे लपलाय. गावातले म्हणतात, "साहेबांचे पाय धरा, केस मागे घेतील."

दादा, वडील वाचले हे वाचून जीव भांड्यात पडला. पण पाय धरून ही केस मिटायची नाही. ही कलमं आपसात मिटवता येत नाहीत. जमादारांनी मनापासून माफ केलं, तरी गुन्हा रद्द करून घ्यायला उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठातच जावं लागेल. माफी जरूर मागा, तो माणूस आपली ड्युटीच करत होता. फक्त त्या भरवशावर बसू नका.

या गुन्ह्याला गावात सगळे अजून '३५३' म्हणतात. जुन्या दंडविधानातल्या त्या कलमाची शिक्षा महाराष्ट्रानं दोनवरून पाच वर्षांवर नेली होती. १ जुलै २०२४ पासूनच्या गुन्ह्यांना नवी संहिता लागते. तिथं सरकारी नोकराला कामात अडवण्यासाठी केलेल्या धक्काबुक्कीला, म्हणजे १३२ ला, दोन वर्षांपर्यंत शिक्षा आहे; दुखापत केली तर १२१(१), पाच वर्षांपर्यंत. हाड मोडलं असतं किंवा दात तुटला असता तर १२१(२): कमीत कमी एक वर्ष, जास्तीत जास्त दहा. म्हणजे तुमची खरी लढाई त्या ओठापाशी आहे. वैद्यकीय दाखल्यात नेमकं काय लिहिलंय? भावानं मारलं, की ओढाताणीत लागलं?

कलमं अजामीनपात्र आहेत, म्हणून जामीन मिळतच नाही असं नाही. तो ठाण्यात हक्कानं मिळत नाही, कोर्टाकडे मागावा लागतो. भावाला मावशीकडून थेट वकिलाकडे आणा, वकीलपत्रावर सही करू द्या आणि सत्र न्यायालयात अटकपूर्व जामिनाचा अर्ज टाका. सात वर्षांपर्यंतच्या शिक्षेच्या गुन्ह्यात पोलिसांनी सरसकट अटक करू नये, असं सर्वोच्च न्यायालयानं २०१४ मध्येच बजावलंय. पण पळालेल्याच्या तोंडी तो मुद्दा फिका पडतो. फी झेपत नसेल तर तालुका विधी सेवा समितीकडे जा.

भाऊ पोलीस भरतीची तयारी करतोय, असंही तुम्ही लिहिलंय. फॉर्ममध्ये ही केस लपवू नका, लपवलेली केस पडताळणीत उघडी पडते आणि मग तेच कारण नोकरी घालवतं.

आणि १०८ ला फोन केलेला मोबाईल जपून ठेवा. पहिला फोन किती वाजता लागला, गाडी किती वाजता आली, हे जामिनाच्या अर्जात लिहायचंय.