हृदय उजवीकडे, पित्ताशय डावीकडे : दुर्बिणीची शस्त्रक्रिया करावी का?

प्रश्न : माझ्या आईचे वय ५४ आहे. दोन वर्षांपासून तेलकट खाल्ले की तिच्या डाव्या बरगडीखाली दुखते आणि कळ पाठीत जाते. ॲसिडिटी समजून आम्ही गोळ्या देत राहिलो. सांगलीत सोनोग्राफी केली तेव्हा पित्ताशयात खडे दिसले आणि पित्ताशय, यकृत डावीकडे असल्याचे कळले. छातीची फिल्म उलटी लागली असावी असे वाटून एक्स-रे पुन्हा काढला, तर हृदयही उजवीकडेच निघाले. डॉक्टर दुर्बिणीतून शस्त्रक्रिया करू म्हणतात, पण घरात सगळे घाबरले आहेत.
— एक वाचक, तासगाव

उत्तर : आपल्या आईंच्या शरीरातील अवयवांची मांडणी आरशातल्या प्रतिबिंबासारखी आहे आणि ती जन्मापासून तशीच आहे. साधारण दहा हजारांत एखाद्या व्यक्तीत ती आढळते. तिच्यामुळे खडे होत नाहीत. मात्र दुखणे डावीकडे असल्याने पित्ताशयाचा संशय कोणाला येत नाही आणि निदान लांबते, तसेच आपल्याकडे झाले. गोळ्या देत राहिल्याबद्दल स्वतःला दोष देऊ नका.

खडे त्रास देत असतील तर पित्ताशय काढणेच योग्य, आणि ते दुर्बिणीतून काढता येते. भारतात ही शस्त्रक्रिया डॉ. तेहेम्टन उदवाडिया यांनी मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात १९९० मध्ये प्रथम केली, आणि उलट मांडणीच्या रुग्णावर ती यशस्वी झाल्याची नोंद १९९१ मध्येच वैद्यकीय नियतकालिकात आली.

अडचण आहे ती शल्यचिकित्सकाच्या हातांची. एरवी तो रुग्णाच्या डाव्या बाजूला उभा राहतो, डाव्या हाताने पित्ताशयाची मान ताणून धरतो आणि छातीच्या हाडाखालच्या छिद्रातून उजव्या हाताने आजूबाजूच्या भागापासून त्याची नाजूक सोडवणूक करतो. येथे त्याला रुग्णाच्या उजवीकडे उभे राहावे लागते, दुर्बिणीतले चित्र दाखवणारा पडदाही समोरच्या बाजूला न्यावा लागतो, आणि सोडवणुकीचे छिद्र नेमके डाव्या हाताशी येते. म्हणून उजव्या हाताचे काही सर्जन मान धरण्याचे काम सहायकाकडे देतात, तर काही डाव्या हाताने काम करतात. वेळ थोडा जास्त लागतो. तो लागू द्यावा. पित्ताशयात शिरणाऱ्या नळी आणि रोहिणी या दोनच रचना स्पष्ट दिसेपर्यंत काहीही कापायचे नाही, हा नियम सर्वांनाच लागू असला, तरी सवयीने चालणारा हात जिथे फसू शकतो तिथे तो अधिकच कसोशीने पाळावा लागतो, कारण मुख्य पित्तनलिकेला इजा झाली तर तिचे परिणाम आयुष्यभर भोगावे लागू शकतात.

नळ्यांची ठेवण आधी कळावी म्हणून पित्तनलिकांचा एमआरआय करता येईल का, हे अवश्य विचारा. पोट उघडण्याची वेळ आली तर त्यालाही संमती असू द्या. तो सर्जनचा पराभव मानू नका, त्यात रुग्णाची सुरक्षितता असते. भूलतज्ज्ञांना हृदयाची बाजू आधीच सांगा, कारण ईसीजीच्या तारा उलट लावल्या नाहीत तर आलेख फसवा येतो. आईंना लहानपणापासून सर्दी, सायनस वा कफाचा त्रास असेल तर तोही सांगा. अशा काही व्यक्तींच्या श्वसनमार्गात जन्मजात दोष असतो.

ताप, थंडी किंवा डोळ्यांत पिवळेपणा दिसला, तर ठरलेल्या तारखेची वाट न पाहता लगेच रुग्णालय गाठा. आणि एक कागद आईंच्या पिशवीत कायम राहू द्या : ‘सर्व अवयव उलट बाजूस, अपेंडिक्सही डावीकडे.’