कंपनीची ‘जबाबदारी’ की ‘निगमित उत्तरदायित्व’?

प्रश्न असा आला आहे: एका लेखाच्या अनुवादात ‘भांडवलशाही वैयक्तिक नीतिमत्ता आणि निगमित उत्तरदायित्व यांवर अवलंबून असते का?’ असं वाक्य तयार झालं. ‘निगमित’ म्हणजे ‘कॉर्पोरेट’, कंपन्यांचं. ते वाक्य जड वाटतं. तिथे सरळ ‘कंपन्यांची जबाबदारी’ लिहिलं तर अर्थ बदलेल का?

व्युत्पत्ती पाहिली तर नाही. ‘जबाब’ मूळ अरबी, ‘-दार’ फारसी. ज्याच्याकडे जबाब देणं लागतं तो जबाबदार. ‘उत्तरदायी’ म्हणजे उत्तर देणारा, ‘फलदायी’सारखाच घडलेला शब्द. इंग्रजी ‘रिस्पॉन्सिबिलिटी’च्या मुळाशीही लॅटिनमधलं उत्तर देणंच आहे.

फरक आहे तो वापरात, आणि मला तोच महत्त्वाचा वाटतो. जबाबदारी आपण घेतो, उचलतो, टाळतो, झटकतो, दुसऱ्यावर ढकलतो. कधी ती नको असताना अंगावर येते. उत्तरदायित्वाच्या वाट्याला मात्र ‘निभावणे’, ‘पार पाडणे’ अशी दोनचार सोज्वळ क्रियापदंच येतात. ‘त्यांनी उत्तरदायित्व झटकलं’ असं चिडून बोलणारा माणूस मला अजून भेटलेला नाही. शिवाय ‘जबाबदार कोण?’ हा प्रश्न मराठीत लगेच उमटतो. कंपनीबद्दल बोलताना तो उमटलाच पाहिजे, कारण सही करणारा, माल तपासणारा, हिशेब मांडणारा कोणी तरी माणूसच असतो.

इथे कंपन्यांच्या नावाशेवटी येणाऱ्या ‘मर्यादित’ या शब्दाकडेही बघायला हवं. मर्यादित काय असतं? धंदा नव्हे, नफाही नव्हे. मर्यादित असते ती भागधारकांची देणेदारी. कंपनी बुडाली तर भागधारक गमावतो ते फक्त शेअरमध्ये घातलेले पैसे. त्याच्या घरादारावर जप्ती येत नाही. ब्रिटनमध्ये १८५५च्या कायद्याने ही सोय खुली झाली. अनोळखी माणसांच्या उद्योगात पैसे घालायचं धाडस लोकांना झालं त्यात तिचा वाटा मोठा आहे, तेव्हा ती वाईट म्हणता येणार नाही. पण ती पैशापुरती आहे. खोट्या ताळेबंदावर सही करणाऱ्याची जबाबदारी ‘मर्यादित’ने आटत नाही.

आता वाक्यातला मूळ प्रश्न. माझं उत्तर ‘हो, अवलंबून असते’ असं आहे. नफा वाढवणं हीच धंद्याची सामाजिक जबाबदारी, हे अमेरिकी अर्थतज्ज्ञ मिल्टन फ्रीडमन यांचं १९७०च्या लेखातलं मत फार उद्धृत होतं, पण बहुधा अर्धंच. समाजाचे मूलभूत नियम पाळून, असं त्यांनी त्याच लेखात म्हटलं होतं, आणि त्या नियमांत कायद्याबरोबर नीतीच्या रूढीही धरल्या होत्या. म्हणजे नफ्याची बाजू इतक्या ठामपणे मांडणाऱ्यालाही नीती वगळता आली नाही. कारण साधं आहे: कितीही लांब करार केला तरी त्यात सगळं लिहून होत नाही. न लिहिलेल्या जागी समोरच्यावर भरवसाच ठेवावा लागतो.

त्या भरवशाला मराठीत नेमका शब्द आहे, ‘पत’. उधार मिळण्याची ऐपत आणि लोकांतला मान, दोन्ही त्यात एकत्र आहेत. पत माणसाची असते तशी पेढीचीही असते. इंग्रजी ‘क्रेडिट’ लॅटिनमधल्या विश्वास ठेवण्याच्या क्रियापदातून आला आणि ते क्रियापद आपल्या ‘श्रद्धे’चं सख्खं भावंड आहे, हे पहिल्यांदा कळलं तेव्हा मी हरखून गेलो होतो. १९१२ साली अमेरिकी संसदेच्या एका समितीने बँकर जे. पी. मॉर्गन यांना विचारलं, कर्ज मुख्यतः पैसा किंवा मालमत्ता पाहूनच देतात ना? ते म्हणाले, नाही, आधी चारित्र्य. समिती त्यांच्याच हाती एकवटलेल्या आर्थिक सत्तेची चौकशी करत होती, हे विसरू नये; पण कर्जाच्या व्यवहाराबद्दल त्यांचं म्हणणं खरं आहे.

तेव्हा मी असं लिहीन: ‘माणसांची सचोटी आणि कंपन्यांची जबाबदारी यांच्यावाचून भांडवलशाही चालते का?’ ‘नीतिमत्ता’ चूक नाही, पण फार पसरट आहे. देण्याघेण्यातल्या खरेपणाला ‘सचोटी’ अधिक जवळचा. ‘निगमित’ मात्र काढाच. मूळ लेखात कायद्यातली संज्ञा म्हणून तो शब्दप्रयोग आला असेल तेवढ्या जागी ‘उत्तरदायित्व’ ठेवा, आणि बाकी ठिकाणी ‘जबाबदारी’ लिहिताना ती ग्राहकांबाबतची, कामगारांबाबतची की भागधारकांबाबतची हेही वाक्यात येऊ द्या.