पहिली मजोलिका प्लेट घेण्याआधी

मजोलिका म्हणजे उठावाची नक्षी आणि रंगीत, चकचकीत झिलई असलेली मातीची भांडी. पहिलीच खरेदी आहे, तर प्लेट आधी उलटी करून पाहा. सूर्यफूल किंवा बिगोनियाचं पान कितीही मोहक असलं, तरी खरी माहिती पाठीमागेच मिळते. मिंटन या इंग्लिश भांडी कारखान्याने ही झिलई १८५१च्या लंडनच्या प्रदर्शनात मांडली. तिच्यामागे होते त्यांचे फ्रेंच कलासंचालक लिऑन आर्नू. वेजवुड हा दुसरा इंग्लिश कारखाना पुढच्या दशकात या कामात उतरला. त्यांच्या मातीत दाबलेली तीन अक्षरं दिसली तर थांबा, त्यात वर्ष दडलेलं असतं. जॉर्ज जोन्स या आणखी एका इंग्लिश कारखान्याच्या प्लेटची पाठ बहुधा हिरवी-तपकिरी, कासवाच्या पाठीसारखी ठिपकेदार असते. मला तीच सगळ्यात आवडते! मात्र पुष्कळ चांगल्या प्लेटांवर काहीच शिक्का नसतो, म्हणून तेवढ्यावरून नाकारू नका. ‘इंग्लंड’ असं छापलेलं असेल तर ती साधारण १८९१ नंतरची धरा.

मग उठाव बोटांनी चाचपा. पाकळ्यांच्या कडा स्पष्ट हव्यात आणि रंग आपापल्या जागी. नव्या नकलांमध्ये ते एकमेकांत ओघळलेले असतात. झिलईवरच्या बारीक रेषांना घाबरू नका, त्या वयाच्या आहेत. टवका, तडा आणि वरून रंग फासून लपवलेली डागडुजी ही वेगळी गोष्ट. माझ्या एका प्लेटची अख्खी कड नव्याने रंगवलेली निघाली होती. अशी डागडुजी उघडी पाडणारा अतिनील (यूव्ही) टॉर्च त्यानंतर घेतला. तुम्ही आधीच घ्या.

आणि यात जेवण वाढू नका, झिलईत शिसं असतं.