डावा हात एकटा

प्रिय,

तुझा पियानोबद्दलचा मेसेज रात्री पावणेबाराला वाचला. 'ताई, बाई म्हणतात पेडल बदल, वर्कशॉपमधले सर म्हणाले बदलू नकोस. मी कोणाचं ऐकू?' त्याखाली पुन्हा तेच, आणि सकाळी उठल्यावर पुन्हा तेच. बाई तुझ्या नेहमीच्या, सर एका वर्कशॉपपुरते, आणि भांडण पायाच्या त्या पेडलवरून: ते दाबलं की तारांवर टेकून आवाज थांबवणारे फेल्टचे डॅम्पर उचलले जातात आणि सूर लांबतात, 'बदलायचं' म्हणजे सोडून पुन्हा दाबायचं. तू छान वाजवतेस, धीर सोडू नकोस वगैरे सांगायला मी बसलेली नाही, ते तुला ठाऊक आहे. मला झोप लागली नाही ती त्या प्रश्नामुळे. तुझ्या वयाची असताना मीही तोच विचारला होता, आणि तो मला महागात पडला.

तू पाठवलेलं रेकॉर्डिंग चार वेळा ऐकलं. बीथोव्हनचा सी शार्प मायनर सोनाटा, ओपस 27, नंबर 2, ज्याला 'मूनलाइट' म्हणतात, त्याची पहिली मूव्हमेंट, म्हणजे पहिला भाग. वर्कशॉपमध्ये वीस मिनिटं मिळाली आणि त्यात तुम्ही नऊ बारच्या, म्हणजे तालाच्या नऊ घरांच्या, पुढे गेला नाहीत. याचं तुला वाईट वाटतंय. मला त्या सरांबद्दल आदर वाटला. पण रेकॉर्डिंगमध्ये मला तुझा उजवा हातच ऐकू येतो. ट्रिपलेट्स, ते तीन-तीन सुरांचे गट, एकसारखे, मऊ, मेहनत दिसते. डावा हात कुठे आहे? तू तो वाजवते आहेस, पण ऐकत नाहीस.

आता नोट्स समोर घे. पहिल्या बारमध्ये डाव्या हाताला सी शार्पचा ऑक्टेव्ह, म्हणजे तोच सूर लागोपाठच्या दोन सप्तकांत एकत्र, दुसऱ्यात बी. उजव्या हाताचे ट्रिपलेट्स दोन्ही बारमध्ये अगदी तेच आहेत. म्हणजे उजवा हात ऐकून पेडल बदलणाऱ्याला दुसऱ्या बारमध्ये काही घडलंय हे कळणारच नाही. जमीन फक्त खालून सरकली आहे. तिसऱ्या बारमध्ये बेस, म्हणजे डाव्या हाताचा खालचा सूर, दोनदा बदलतो, ए आणि मग एफ शार्प. तू तिथे एकाच पेडलवर पुढे गेलीस आणि ए त्या एफ शार्पमध्ये घुसला. चौथ्यात उलटं: खाली जी शार्पच, वर मात्र चार वेळा बदल. 'प्रत्येक बारला पेडल बदल' असं बाई म्हणाल्या असतील यावर माझा विश्वास नाही. 'बेस बदलला की बदल' असं म्हणाल्या असणार. तू अर्धं ऐकलंस, कारण तुझा कान वरच होता.

सरांचंही तसंच. या मूव्हमेंटच्या सुरुवातीला बीथोव्हनने लिहून ठेवलंय की हे सगळं अतिशय नाजूकपणे आणि डॅम्पर न लावता वाजवावं. 1801 सालच्या पियानोची चौकट लाकडी, तारा बारीक. पुष्कळ पियानोंना पायाचं पेडलही नव्हतं, डॅम्पर गुडघ्याने उचलायचे. आवाज लवकर विरायचा, म्हणून एक सूर दुसऱ्यात थोडा मिसळला तरी गढूळ होत नसे. आजच्या नऊ फुटी ग्रँड पियानोवर ती सूचना शब्दशः पाळली तर चार बारमध्ये चिखल होतो. म्हणून त्यांनी तुला अर्धं पेडल दाखवलं: फेल्ट तारेला जेमतेम टेकवायचं, वरचं पुसलं जातं आणि खालच्या जाड तारा गुणगुणत राहतात. त्या हॉलमध्ये, त्या पियानोवर, ते बरोबर होतं. घरच्या जुन्या अपराइटवर, उभ्या पियानोवर, तू तसंच पाऊल ठेवलंस. तिथलं फेल्ट झिजून कडक झालंय, ते एक तर पूर्ण लागतं नाही तर लागतच नाही. त्यात जुलैची हवा. चिखल झाला, आणि तुला वाटलं दोघांपैकी एकजण खोटं बोलतोय.

कोणीही खोटं बोललं नाही. डावा हात एकटा वाजव. आधी पेडलशिवाय, मग पेडल घेऊन. पुढचा ऑक्टेव्ह लागल्यावर मागचा किती उरतो ते ऐक. जेवढा उरलेला तुला हवा तेवढं पेडल. हे तुला ना बाई सांगू शकतात ना सर, कारण तुझ्या खोलीत दोघंही नसतात.

असल्या वर्कशॉपची, म्हणजे मास्टरक्लासची, रीत पियानिस्ट लिस्टने रुजवली. 1869 पासून 1886 मध्ये मरण येईपर्यंत, वायमारमध्ये असला की आठवड्यातून तीन दुपारी तो शिकवायचा, एक पैसा न घेता. तंत्राच्या चुका तो दुरुस्त करत बसायचा नाही. मळकं धुणं घरी धुवा म्हणायचा. बाकीचे सगळे बसून ऐकायचे, आणि मला वाटतं खरी शाळा त्या बसणाऱ्यांची होती. तुझ्या आधी दोन मुलं वाजवत होती तेव्हा तू बाहेर व्हरांड्यात टेबलावर बोटं चालवत होतीस. तूच लिहिलंयस. याचा मला राग आला, खरंच आला. चाळीस मिनिटं दुसऱ्याचा डावा हात फुकट ऐकायला मिळत होता.

आता माझं. 1983 साल, मी एकोणीस वर्षांची. धोबी तलावाजवळच्या एका खोलीत गोव्याचे एक सर मला शिकवत. कोकणी आणि मराठी मिसळून बोलायचे. काहीही वाजवायला घेतलं की आधी 'दावो हात, बाय, दावो हात.' आठवडेच्या आठवडे. उजव्या हाताला शिवू द्यायचे नाहीत. मला कंटाळा यायचा आणि लाज वाटायची, की मैत्रिणी नॉक्टर्न वाजवतात आणि मी अजून बेसच. मग बाहेरदेशीच्या एका पियानिस्टचा वर्ग झाला. त्यांनी माझं मनगट खाली पडतं हे दाखवलं आणि स्टूल उंच केलं. तेवढंच. वीस मिनिटं. मी मात्र सरांना जाऊन सांगितलं की तुमची पद्धत जुनी आहे. ते 'बरें' म्हणाले आणि पियानोचं झाकण हळूच लावलं.

चौदा महिन्यांनी मनगट सुधारलं होतं आणि माझ्या वाजवण्याखालचा खर्ज गेला होता. तानपुऱ्याची ती एक तार तुटल्यावर गाणं कसं तरंगतं, तसं. मी परत गेले तेव्हा खोलीला कुलूप होतं. सर गावी निघून गेले होते. त्या पाहुण्याने मला सरांना सोडायला सांगितलं नव्हतं. ते मी माझ्या मनाने केलं.

म्हणून माझ्याकडच्या मुलांना मी वर्षातून एकाच वर्कशॉपला पाठवते. यावरून पालक नाराज होतात, दोघी जणी क्लास सोडून गेल्या. एका आईने मला तोंडावर सांगितलं की तुम्ही मुलांना दाबून ठेवता. मी दाबून ठेवत नाही. ऐकलेली एक गोष्ट अंगात उतरायला तीन महिने लागतात, आणि ते तीन महिने मी त्यांना मिळवून देते. 1983 चा सल माझ्या या हट्टात असेलही. असू दे. त्यामुळे हट्ट चुकीचा ठरत नाही. गेल्या वर्षी एका मुलाने पावसाळाभर फक्त बेस वाजवला, आणि दिवाळीला दोन्ही हात एकत्र आले तेव्हा त्याची आजी स्वयंपाकघरातून बाहेर येऊन दारात उभी राहिली.

तुला आता लगेच दुसऱ्या वर्कशॉपचा फॉर्म भरायचाय, तिसऱ्याचं मत घ्यायला. भरू नकोस. बाईंकडे जा. सरांनी काय सांगितलं ते लपवू नकोस, अर्धं पेडल त्यांना करून दाखव, आणि त्यांच्या पियानोवर कसं लागतं ते दोघी मिळून ऐका. बाई चिडल्या तर चिडू देत. माझ्यासारखं जाऊन 'तुमचं जुनं झालं' एवढं मात्र म्हणू नकोस.

रविवारी साडेचारला माझ्याकडे ये. वही आणू नकोस, मोबाइल बाहेर ठेव. पहिले चार बार, फक्त डावा हात, सहा वाजेपर्यंत. हवेमुळे माझ्या पियानोची खालची जी शार्पची पट्टी अडकते आहे. ती वर यायला जरा वेळ घेते, तेवढं थांबायला लागेल.

तुझी,
ताई